छान झालं

"केसांना बोट लावायचं नाही," मेल्विन सर म्हणाले. "नवे आहेत. बोटाचं तेल लागलं तर वाया जातील."

रंगमंचाच्या बाजूला, काळ्या पडद्याआड आम्ही मुलं ओळीने उभी होतो आणि सर एकेकाच्या हातात गज देत होते. गज म्हणजे व्हायोलिनवर फिरवायची ती लांब काठी, घोड्याचे केस ताणून बसवलेली. सर तिला 'बो' म्हणायचे. माझे पापा गज म्हणायचे, म्हणून मीही गजच म्हणायची. आठवड्यापूर्वी सरांनी सगळ्यांचे गज गोळा करून नेले होते, जुने केस काढून नवे बसवायला. ऑर्केस्ट्राकडून मुलांना भेट, असं सांगितलं होतं. आता ते पांढरेशुभ्र होऊन परत आले होते.

"सर, राळ?" मी विचारलं.

"लावून ठेवलीय."

"माझी माझ्या पेटीत आहे. पळत जाऊन आणते."

"सिसू." सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लावलीय म्हटलं ना? पेट्या आत कुलपात आहेत. तू फक्त हस. तिकडे उजेड फार असतो, घाबरलेला चेहरा लगेच दिसतो."

मी हसले. केसांवर राळेची पांढरी धूळ दिसत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण नवे केस असेच दिसत असतील, असं मी मनाशी म्हटलं. मी चौदा वर्षांची होते आणि मेल्विन सरांनी व्हायोलिन उलटं धर म्हटलं असतं, तर मी उलटं धरलं असतं.

माझ्यापुढे जेनेट उभी होती, आमच्याच आळीतली. ती मागे वळून कुजबुजली, "तुझे पापा आलेत?"

"आलेत."

"मग मेलीस तू."

जेनेटला असं वाटायला कारण होतं. आमच्या वसईच्या आळीत घरटी एक तरी बँडवाला असतो. लग्न असो, सण असो, की कोणाला मातीत पोचवायचं असो, बँडशिवाय आमचं पान हलत नाही. पापांची फुलांची वाडी होती आणि लग्नसराईत ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पास्कू फुर्ट्याडो म्हटलं की लोक आधी क्लॅरिनेट आठवायचे, मग मोगरा. संगीतकारांची म्हणून जी संत आहे तिचं नाव त्यांनी मला ठेवलं, सिसिलिया. मुलगा झाला असता तर क्लॅरिनेट हातात मिळालं असतं. मुलगी झाले म्हणून नाव मिळालं.

पापांची एक रीत होती. लग्न वाजवून आले की सगळे बँडवाले आमच्या ओटीवर बसायचे. आई चहा करायची आणि पापा एकेकाची चूक काढायचे. बावतीस, तू ओळ संपायच्या आधीच घुसलास. सायमन, तुझा ढोल नवरीला पळवत होता, बिचारीला चपला सांभाळता येईनात. कोणी रागवायचं नाही. उलट ज्याची चूक निघाली नाही तो हिरमुसून चहाच्या कपात बघत बसायचा. दुसऱ्या गावचा बँड भेटला की मात्र पापा हात मिळवून म्हणायचे, "छान झालं." आणि पाठ फिरली की सोडा प्यायला जायचे.

"चूक काढायला ऐकावं लागतं," ते म्हणायचे. "छान झालं म्हणायला कान कशाला लागतात? ते परक्यांना म्हणायचं असतं."

मी पाचवीत असताना मुंबईच्या एका मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राने आमच्या चर्चच्या शाळेत मुलांसाठी फुकट क्लास सुरू केला. दर शनिवारी. व्हायोलिनं त्यांचीच. ती घरी न्यायला मिळायची, पण क्लास सोडला की परत द्यायची. शिकवायला मेल्विन सर यायचे. ते त्या ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन वाजवायचे, वांद्र्याला राहायचे आणि आमच्यासाठी खिशातून आवळ्याच्या गोळ्या आणायचे. आम्ही मुलं त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकत होतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक जादू दाखवली. नवे केस लावलेला एक गज घेतला आणि तारांवर जोरजोरात फिरवला. आवाज नाही. काहीच नाही. हात खालीवर होतोय, मान डोलतेय, डोळे मिटलेत, आणि हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज. आम्ही हसून लोळलो. मग त्यांनी खिशातून राळेची वडी काढली, केसांवर घासली, आणि त्याच गजाने असा काही सूर काढला की आमची हसायची सोय राहिली नाही.

"राळ नाही तर व्हायोलिन मुकं," सर म्हणाले. "घोडा कितीही चांगला असो."

दारात पापा उभे होते. मला न्यायला आले होते, पण ते बघत थांबले. पुढच्या आठवड्यात ते फुलं घेऊन दादरला गेले आणि येताना धोबी तलावाच्या बाजूच्या कुठल्याशा दुकानातून राळेची एक वडी घेऊन आले. मधाच्या रंगाची, तांबड्या मऊ कापडात गुंडाळलेली. क्लॅरिनेटवाल्याला राळेतलं काय कळतं? पण चार जणांना विचारून आणली होती.

"रोज लाव," म्हणाले. "चिकटपणा करू नकोस."

तेवढंच. आणि त्या दिवसापासून माझ्याही चुका निघू लागल्या. संध्याकाळी मी ओटीवर वाजवायला बसायची आणि पापा आत खाटेवर आडवे असायचे. वाटायचं झोपलेत. माझं वाजवून झालं की आतून आवाज यायचा: दुसऱ्या ओळीत घाई केलीस. तो लांब सूर शेवटी लटपटला. हात दुखला का? मग आधीच दुखला म्हणायचं, सुराला कशाला रडवतेस? मी रडायची. आई भांडायची त्यांच्याशी.

"अहो, एकदा तरी पोरीला म्हणा छान झालं म्हणून! जीभ झडणार आहे का?"

"ती परकी आहे का?" पापा म्हणायचे.

आता कळतं तेव्हा ते मला काय देत होते. पण तेव्हा मला त्यांच्या तोंडून तो एकच शब्द हवा होता. बावतीसकाकांना नको असेल, मला हवा होता. परकी तर परकी. एकदा त्यांनी 'छान झालं' म्हणावं, यासाठी मी सुट्टीतही बोटं सोलवटून घेतली होती.

मी आठवीत असताना सरांनी बातमी आणली. मुंबईत मोठ्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्राचा खास कार्यक्रम होता. एका मोठ्या कंपनीने आमच्या क्लासचा खर्च उचलला होता, त्यांची सगळी मंडळी येणार होती, आणि शेवटची सिंफनी आम्ही मुलं ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणार होतो. ऑर्केस्ट्रात दोन वादकांमध्ये नोटेशनचं एक स्टँड असतं. प्रत्येक स्टँडवर एक मोठा वादक आणि एक मूल, अशी बसण्याची व्यवस्था. आईवडिलांना फुकट पास.

"पापा, येणार ना?" मी विचारलं.

"बघू. त्या रविवारी लग्न आहे."

त्यांनी ते लग्न सोडलं. भर लग्नसराईतलं लग्न पास्कू फुर्ट्याडोने सोडलं, ही गोष्ट आमच्या आळीत तोंडोतोंडी झाली.

त्या सिंफनीच्या शेवटच्या पानावर एक जागा होती. तिथे तुताऱ्या, बासऱ्या, ढोल सगळे एकदम थांबतात आणि फक्त सेकंड व्हायोलिनवाले, म्हणजे आम्ही, हळू आवाजात एक जिना चढतात. सुरांचा जिना. मग बाकीचे येऊन मिळतात. मी ती जागा घरी इतक्या वेळा वाजवली की कोंबड्यासुद्धा कंटाळून शेजारी जायला लागल्या. आणि प्रत्येक वेळी आतून आवाज यायचा.

"चौथा."

"काय चौथा?"

"चौथा सूर खाली बसतोय. वर ओढ."

मी ओढायची. "अजून," पापा म्हणायचे. कधी कधी ते उठून क्लॅरिनेटवर तो एकच सूर धरून दाखवायचे. "हा. इथे येऊन बस. आपल्या घरी आल्यासारखं बस." महिनोन् महिने तो चौथा सूर आमच्या घरात पाहुण्यासारखा राहिला.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, शनिवारी, मुंबईला तालीम झाली. काठी हलवून ऑर्केस्ट्राला ताल दाखवणारे कंडक्टर परदेशी होते. आम्ही मुलं बसलो, सिंफनी सुरू झाली, आणि थोड्याच वेळात त्यांनी काठी खाली ठेवली. मेल्विन सरांना जवळ बोलावून काहीतरी बोलले. हसतच बोलले. मला वाटलं आमचं कौतुक चाललंय. मग म्हणे वेळ कमी आहे, मुलांनी आज ऐकावं. आम्ही ऐकलं. निघताना सरांनी सगळ्यांचे गज मागून घेतले, नव्या केसांसाठी. तोवर सरावाला शाळेतले जुने वाकडे गज दिले. मी त्या वाकड्या गजानेही आठवडाभर जिना चढत होते, आणि पापा आठवडाभर आतून म्हणत होते, "चौथा, बाय. चौथा."

तर असा तो रविवार उजाडला. सकाळचाच कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्राने आमच्यासाठी चर्चच्या मैदानातून बस ठेवली होती. पापांकडे कोट एकच होता, बँडचा. निळा, सोनेरी पट्ट्यांचा, पितळी बटणांचा. आईने ते पट्टे उसवून काढायचं म्हटलं, पण पापांनी उसवू दिले नाहीत. व्हायचं तेच झालं. हॉलच्या दारावरच्या माणसाने त्यांना बघितलं आणि अदबीने वादकांचं दार दाखवलं. पापा मागे वळून आमच्याकडे बघून हसले. त्या दिवशी ते मनापासून हसले ते तेवढंच.

आम्ही रंगमंचावर गेलो. समोर इतका काळोख की माणसं आहेत हे फक्त खोकल्यावरून कळत होतं. माझ्या स्टँडवर एक परदेशी बाई होत्या, झान्ना नावाच्या. सोनेरी केस, गालावर तीळ. तालमीच्या दिवशी त्यांनी मला आपल्या डब्यातलं सफरचंद दिलं होतं. मी आतल्या बाजूला बसले होते, म्हणजे पानं उलटायचं काम माझं. ऑर्केस्ट्राची तशी पद्धतच असते. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो, आतला क्षणभर थांबून पान उलटतो.

कंडक्टरांनी काठी वर केली. मी श्वास घेतला आणि सगळ्यांबरोबर गज ओढला.

सुरुवात मोठ्या आवाजाची होती. ढोल, तुताऱ्या, सगळा गलका. त्यात मला माझा आवाज आला नाही, तर त्यात काय एवढं, असं वाटलं. पण हाताला काहीतरी वेगळं लागत होतं. गज तारेला धरत नव्हता. शेवाळावर पाय पडावा तसा नुसता सरकत होता. मी दाबला. तरी सरकला. मग बाकीची वाद्यं हळू झाली, आमची मोकळी ओळ आली, आणि मी कान व्हायोलिनला टेकवून वाजवलं.

काहीच नाही.

माझा हात खालीवर होत होता, बोटं बरोबर जागी पडत होती, आणि व्हायोलिन मुकं होतं. मी पुढे पाहिलं. जेनेटचा गज छान लयीत चालला होता. तिच्या पलीकडे सगळ्या मुलांचे गज चालले होते. पांढरेशुभ्र. एकाच्याही केसांवर राळेची धूळ नव्हती.

मला ती पहिल्या दिवसाची जादू आठवली. हात खालीवर, मान डोलतेय, आणि नुसता पंख्याचा आवाज. तेव्हा आम्ही हसून लोळलो होतो.

पहिला भाग संपला, क्षणभर शांतता झाली. मी झान्नाबाईंना गजाचे केस दाखवले आणि बोटाने घासल्याची खूण केली. राळ, राळ द्या. त्यांनी केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हळूच थोपटलं. मग समोर बघायला लागल्या.

तिथे मला कळलं. गडबडीत राळ लावायची राहिली नव्हती. रंगमंचावरच्या सगळ्या मोठ्या माणसांना माहीत होतं. फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

मी उठून जायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा ते सुचलंही नाही. मी वाजवत राहिले. वाजवत म्हणजे काय, हात हलवत राहिले. पान उलटायची वेळ आली की उलटत होते. त्या दिवशी रंगमंचावर मी केलेलं एकमेव खरं काम म्हणजे पानं उलटणं.

शेवटचं पान मी उलटलं. सगळे थांबले. सेकंड व्हायोलिनचा जिना सुरू झाला. चौथ्या सुरावर माझं बोट सवयीने वर ओढलं गेलं. बरोबर जागी जाऊन बसलं, आपल्या घरी आल्यासारखं. मला ते बोटाला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा तो सूर एकदम अचूक बसला होता, आणि तो कोणालाच ऐकू आला नाही.

टाळ्या थांबेनात. कंपनीचे एक साहेब वर आले आणि माइकवर म्हणाले की संगीताला गरीब-श्रीमंत कळत नाही, आज या मुलांचा आवाज जगाने ऐकला. मग फोटो काढले. तो फोटो पुढे ऑर्केस्ट्राच्या पुस्तिकेत आला, मोठा करून आमच्या शाळेच्या हॉलमध्येही लावला. त्यात पुढे मी आहे, गज तारेवर टेकवलेला, आणि सांगितल्याप्रमाणे हसतेय. अजून तिथेच आहे. क्लासही अजून चालतो. दर शनिवारी आता मीच शिकवते तिथे. त्यामुळे क्लाससाठी हे करावं लागलं असं सर नंतर म्हणाले, ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही, आणि याचाच मला अजून राग आहे.

कार्यक्रमानंतर आतल्या खोलीत सर मुलांना सामोसे वाटत होते. मी गज पुढे धरला.

"सर, याला राळ नाही."

"राहिली असेल गं. गडबड होती."

"सगळ्यांच्याच?"

सरांनी सामोशाचा ट्रे खाली ठेवला. मला बाजूला नेलं.

"सिसू, तू शहाणी आहेस. समजून घे. कंडक्टर म्हणाले, मुलं वाजवणार असतील तर मी काठी उचलणार नाही. आणि कंपनीला मुलं स्टेजवर हवी होती. मुलं नाहीत तर पैसे नाहीत. मग क्लास कसा चालवू मी? तूच सांग."

"आम्हाला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू अशी हसून वाजवलं असतंस?"

सरांनी खिशात हात घातला, आवळ्याची गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी चौदा वर्षांची होते, चारची नाही. पण मी मूठ मिटली, आणि याचीही मला पुढे फार चीड आली.

जेनेट सामोसा खात म्हणाली, "मला तर बरंच वाटलं बाई. माझा तिसऱ्या ओळीत घोटाळाच होतो नेहमी. आज झालाच नाही."

बाहेर आईने मला मिठी मारली. ती रडत होती. पापा तिच्यामागे उभे होते, निळ्या कोटात, हात पाठीमागे बांधून. ते काय बोलतात म्हणून मी बघत राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"छान झालं," पापा म्हणाले.

जो शब्द ऐकायला मी तीन वर्षं तडफडले तो मिळाला, आणि मी वाजवलंच नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, पण पहिल्यांदा आली ती पापांची दया. बिचारे, मला वाटलं. इतका तयार कान, पण त्या गलक्यात त्यांची फसगत झाली. झान्नाबाईंचा सूर त्यांनी माझा समजून ऐकला. भर लग्नसराईत लग्न सोडून आला माणूस, आणि त्याला काय ऐकवलं यांनी? बसमध्ये सगळे आईबाप एकमेकांना छान झालं, छान झालं म्हणत होते, आणि मी खिडकीबाहेर बघत ठरवत होते की हे पापांना कसं सांगावं. सांगावं की नाही? सांगितलं तर त्यांच्या कानाचा अपमान होणार होता. नाही सांगितलं तर ती खोटी शाबासकी मला घशाखाली घालावी लागणार होती.

चर्चच्या मैदानात उतरलो. आई जेनेटच्या आईबरोबर पुढे गेली. आम्ही दोघं वाड्यांमधल्या पायवाटेने निघालो. व्हायोलिनची पेटी पापांनी घेतली होती.

"कुठली जागा आवडली, पापा?" मी विचारलं.

"ती शेवटची. जिन्याची."

"माझा चौथा सूर?"

"बरोबर लागला. वेगळा ओळखू येत होता."

माझ्याच्याने राहवेना.

"पापा, माझ्या गजाला राळ नव्हती. कोणाच्याच नव्हती. सरांनी मुद्दाम लावली नाही. माझा आवाजच आला नाही, पापा. एकसुद्धा सूर आला नाही."

मला वाटलं ते थांबतील. पेटी खाली ठेवून ओरडतील. त्याच पावली मेल्विन सरांच्या मानगुटीला धरायला निघतील. एका लग्नात कोणीतरी बावतीसकाकांच्या तुतारीत गंमत म्हणून बोळा कोंबला होता, तेव्हा पापांनी भर मांडवात बँड थांबवला होता.

पापा चालत राहिले. बांधावरून ओहळ ओलांडला. मग म्हणाले, "जरा हळू बोल. पुढे आई आहे."

मी पायवाटेवरच थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"सर घरी आले होते. तू शाळेत होतीस, आई बाजारात. सगळ्यांच्याच घरी फिरले ते."

"कधी?"

"तालमीनंतर. सोमवारी."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"क्लास बंद झाला असता, बाय. व्हायोलिन परत गेलं असतं तुझं. मी कुठून आणणार होतो दुसरं?"

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही म्हणू द्यायचं होतं!"

मी सोमवारचा विचार करत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. वाकड्या गजाने मी ओटीवर बसून तो जिना चढत होते, आणि आत खाटेवरून आवाज येत होता.

"पापा, आठवडाभर तुम्ही माझ्या चौथ्या सुराची चूक काढत होतात."

त्यांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"कोणाला ऐकू येणार नाही हे माहीत असून काढत होतात."

"सवय," ते म्हणाले. इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

घरी आल्यावर आईने वरणभात वाढला. मी जेवले नाही. पापांनी कोट काढून खुंटीला टांगला आणि ते वाडीत पाणी सोडायला गेले. परत आले, खाटेवर आडवे झाले. सांजेची घंटा झाली. मी पेटी घेऊन ओटीवर बसले.

तांबड्या कापडातून राळेची वडी काढली. मधल्या तीन वर्षांत ती घासून घासून मधोमध खोलगट झाली होती. नवे केस राळ लवकर धरत नाहीत, म्हणून मी घासत राहिले. तो खरखर आवाज आत ऐकू जात असणार, कारण खाट करकरली. आई दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता आत गेली.

मग मी शेवटचं पान वाजवलं. सगळंच्या सगळं. व्हायोलिन असं काही बोललं की पलीकडच्या वाडीतली कामकरीण वाकलेली होती ती सरळ झाली. जिना आला. एक, दोन, तीन. आणि चौथा सूर मी मुद्दाम खाली सोडला. थोडाथोडका नाही. बहिऱ्यालाही कळावं इतका. जेनेटलासुद्धा कळला असता. तो तसाच खाली धरून ठेवला, लांबवला, मग पुढे जाऊन संपवलं.

गज मांडीवर ठेवला आणि थांबले.

माझी बाकी काही मागणी नव्हती. चुकलो म्हणायला नको होतं, सरांशी भांडायला नको होतं. त्यांनी आतून फक्त म्हणायचं होतं, "चौथा." एवढं म्हटलं असतं तर मी उठून आत गेले असते आणि जेवले असते.

खाट पुन्हा करकरली. पापांनी घसा साफ केला.

"छान झालं, बाय," आतून आवाज आला.

त्यानंतर पापा पुष्कळ वर्षं जगले. मी पुष्कळ वाजवलं. शेवटपर्यंत रोज संध्याकाळी ते आत खाटेवर आडवे असायचे, आणि शेवटपर्यंत त्यांनी माझी एकही चूक काढली नाही.